माइनक्राफ्टमध्ये वाळवंटातली जुनी टॅव्हर्न: मातीचे ब्लॉक, झिजलेल्या भिंती आणि प्रत्येक खड्ड्याला कारण

वाळवंटात काही बांधायचं म्हटलं की निम्मे लोक सगळं सँडस्टोनमध्येच उभं करतात. वाळू पिवळी, भिंत पिवळी, छप्पर पिवळं, लांबून बघितलं तर बिल्ड कुठं सुरू होतंय तेच कळत नाही. मग कुणीतरी सांगतं अरे जरा टेक्श्चर टाक, की लगेच चार-पाच जातीचे ब्लॉक घेऊन भिंतीवर शिंपडायला सुरुवात, आणि भिंतीला गोवर आल्यासारखं दिसायला लागतं. म्हणजे जुनी वाटायच्या ऐवजी आजारी वाटते.

तर या गाइडमध्ये आपण टॅव्हर्न, म्हणजे वाटसरूंची खाण्यापिण्याची आणि थांबायची जागा बांधतोय, आणि मी एकाच गोष्टीच्या मागे लागणारे. भिंतीतला जो ब्लॉक बदलाल तो का बदलला याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. वाऱ्यानं झिजला, सांडपाण्यानं ओघळला, धुरानं काळा पडला, उंटांनी अंग घासलं, मालकानं हाताला येईल ते लावून डागडुजी केली, काहीही चालेल, पण कारण पाहिजे. कारण नसेल तर ब्लॉक साधाच राहू द्या, साध्या भिंतीला कुणी नावं ठेवत नाही.

गेमची जावा आवृत्ती असो की बेडरॉक, इथलं जवळपास सगळं दोन्हीकडे चालतं. फक्त मड ब्रिक्स आणि पॅक्ड मड २०२२ च्या १.१९ अपडेटमध्ये आलेत, त्यामुळे त्याआधीच्या व्हर्जनवर असाल तर हे गाइड तुमच्या फारसं कामाचं नाही.

आधी जागा आणि वारा

टॅव्हर्न कुठंही वाळूत टाकून देऊ नका. माणसं वाळवंटात थांबतात ती पाण्यासाठी, म्हणून डेझर्ट वेल म्हणजे वाळवंटातली विहीर सापडली तर तिच्या बाजूला, नाहीतर गावाच्या कडेला, नाहीतर जिथं वाळवंट संपून सव्हाना सुरू होतं तिथं. ही तिसरी जागा सर्व्हायव्हलवाल्यांना (म्हणजे जे साहित्य स्वतः गोळा करतात त्यांना) बरी पडते कारण अकेशियाचं लाकूड हाकेच्या अंतरावर मिळतं.

आता वारा. गेममध्ये वारा नाही हे मलाही माहितीये, पण ढग आहेत आणि ते कायम पश्चिमेकडे सरकतात, म्हणजे वारा पूर्वेकडून येतोय असं धरून चाला. बस, एवढं ठरलं की अर्ध्या गोष्टी आपोआप ठरतात. पूर्वेची भिंत सगळ्यात जास्त मार खाल्लेली, तिच्या पायथ्याशी वाळूचा ढीग, त्या बाजूला खिडक्या कमी आणि छोट्या, आणि दार पश्चिमेला किंवा दक्षिणेला. मी बघितलेल्या बहुतेक बिल्ड्समध्ये चारही भिंती सारख्याच झिजलेल्या असतात आणि तिथंच सगळं खोटं पडतं, कारण खऱ्या इमारतीची एक बाजू कायम जास्त सोसते.

अजून एक, आणि हे मला फार आवडतं: टॅव्हर्नची फरशी बाहेरच्या वाळूपेक्षा दोन ब्लॉक खाली घ्या. जुन्या इमारतीभोवती वर्षानुवर्षं वाळू साचत जाते, जमीन वर येते आणि दार खाली राहतं. मग आत जायला दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात, बाहेर कडक ऊन आणि आत उतरलं की सावली. काही न सांगता इमारतीचं वय कळतं. खणताना वाळू वरून खाली काढत या, गेममध्ये वाळू फक्त सरळ खाली पडते, बाजूनं ढासळत नाही.

ब्लॉक कुठले घ्यायचे

माझा पाया पॅक्ड मड. सँडस्टोन नाही, कारण तो वाळूत मिसळून जातो आणि इमारतीला कडा राहत नाही. पॅक्ड मडचा तपकिरी रंग वाळूपुढं नीट उठून दिसतो आणि तरी तो तिथलाच वाटतो. त्याच्या जोडीला मड ब्रिक्स, आणि खरी गंमत इथं आहे, या दोघांचा रंग जवळपास एकच आहे, फक्त एक गुळगुळीत आणि दुसऱ्यात विटांच्या रेषा. म्हणजे पॅक्ड मड हा गिलावा आणि मड ब्रिक्स ही आतली वीट असं समजून चालायचं. गिलावा जिथं पडलाय तिथंच वीट दिसणार, बाकी कुठंही नाही. हा एक नियम पाळलात तरी भिंत निम्मी जमली.

या रंगाच्या आसपासचे बाकीचे ब्लॉक म्हणजे साधा ग्रॅनाइट, ड्रिपस्टोन ब्लॉक, रूटेड डर्ट आणि थोडा गडद हवा असेल तर कोर्स डर्ट. ग्रॅनाइट का, तर त्याच्या स्टेअर्स (पायऱ्या), स्लॅब (अर्धे ब्लॉक) आणि वॉल (बारीक भिंत) मिळतात आणि पॅक्ड मडचं यातलं काहीच येत नाही. मड ब्रिक्सचं तिन्ही येतं. पॉलिश्ड ग्रॅनाइटपासून लांब राहा, तो बाथरूमच्या टाइल्सचा वाटतो.

टेराकोटा मात्र सांभाळून. पांढरा टेराकोटा हा नावालाच पांढरा, प्रत्यक्षात फिकट गुलाबीसर मातकट आहे आणि जुन्या चुन्याच्या जागी फार छान बसतो. लाइट ग्रे टेराकोटा धुळकट तपकिरी दिसतो. ग्रे आणि ब्राउन दोन्ही गडद चॉकलेटी, काजळीसाठी तेच वापरायचे. नारिंगी आणि लाल मात्र इतके भडक आहेत की तीन-चार ब्लॉक टाकले तरी नजर तिकडंच जाते, मी तर वापरतच नाही. टेराकोटाच्या स्टेअर्स-स्लॅब येत नाहीत हे डिझाइन करतानाच लक्षात ठेवा, मग ऐनवेळी डोक्याला हात लावायला नको.

सर्व्हायव्हलमध्ये हे सगळं जमवायचं कसं ते पटकन सांगतो. मातीच्या (डर्ट) ब्लॉकवर पाण्याची बाटली ओतली की मड होतो, एक मड आणि एक गहू मिळून पॅक्ड मड, आणि चार पॅक्ड मडचे चार मड ब्रिक्स. खऱ्या मातीच्या विटेतही भुसा किंवा पेंढा मिसळतातच, तडे जाऊ नयेत म्हणून, तेच गेममध्ये गव्हाच्या रूपानं आलंय. एका मध्यम टॅव्हर्नला बाहेरच्या एका थरासाठी साधारण २०० ब्लॉक धरा, म्हणजे २०० गहू. तेवढं शेत नसेल तर गावातल्या हे बेल (गवताच्या पेंढ्या) फोडा, एकातून ९ गहू निघतात. बाटल्या भरत बसायचा कंटाळा येणारच, तर मँग्रोव्ह स्वॅम्प जवळ असेल तर तिथून मड सरळ फावड्यानं खणून आणा. टेराकोटासाठी क्ले भट्टीत भाजायचा आणि आठ टेराकोटामागे एक डाय (रंग). क्ले मिळत नसेल तर मड एखाद्या ब्लॉकवर ठेवून त्या ब्लॉकच्या खाली पॉइंटेड ड्रिपस्टोन लटकवा, पाणी निथळून मडचा क्ले होतो, वेळ लागतो पण फुकट आहे. कोर्स डर्ट म्हणजे दोन डर्ट आणि दोन ग्रॅव्हल, चार ब्लॉक मिळतात.

लाकडाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण इथं सगळे हात सैल सोडतात. वाळवंटात झाडं नाहीत, म्हणजे तिथं लाकूड महाग असणार, म्हणजे ते जपून वापरलेलं दिसलं पाहिजे. तुळया, दार, काउंटर, दोन-चार झडपा, संपलं. फळ्यांची अख्खी भिंत नको. आणि लाकूड लांबून आणलेलं, कुठून कुठून जमवलेलं, म्हणून दोन जाती मिसळलेल्या चालतात. मी स्ट्रिप्ड म्हणजे साल काढलेला स्प्रूस मुख्य ठेवतो आणि नंतर बदललेल्या एखाद्या तुळईला अकेशिया किंवा स्ट्रिप्ड जंगल वुड.

आराखडा

जुन्या काफिल्यांच्या सराया बघा, जवळपास सगळ्यांचा आराखडा एकच. बाहेरून भक्कम बंद भिंत, एकच मोठं दार, मध्ये मोकळं अंगण आणि अंगणाभोवती खोल्या. जनावरं आत घेता यावीत आणि रात्री एकच दार बंद केलं की काम संपावं म्हणून. माइनक्राफ्टमध्ये तर हे अजूनच पटतं, कारण वाळवंटात झोंबीच्या जागी बऱ्याचदा हस्क (झोंबीचाच वाळवंटी प्रकार) येतात आणि ते दिवसा उन्हात जळत नाहीत.

माप सांगायचं तर मुख्य दालन बाहेरून १३ बाय ९, त्याला चिकटून स्वयंपाकघर ७ बाय ६, आणि पुढं ९ बाय ९ चं अंगण. दालनाची लांबी विषम ठेवा म्हणजे दार मध्यावर येतं, मग दार मुद्दाम मध्यापासून एक ब्लॉक सरकवा. हो, मुद्दाम. स्वयंपाकघर दालनापेक्षा एक ब्लॉक बुटकं आणि जरा पुढं आलेलं असू द्या, कारण ते नंतर वाढवलेलं आहे. त्याची भिंत वेगळ्या मिश्रणाची, थोडी नवी. जुन्या आणि नव्याचा सांधा जिथं येतो तिथं मड ब्रिक वॉलचा एक उभा पट्टा लावला की दोन वेगळ्या काळातली बांधकामं लगेच ओळखू येतात.

उंची आतून ५. गरम प्रदेशात छत उंच ठेवतात कारण गरम हवा वर जाते, आणि गेममध्ये तेवढ्या उंचीशिवाय तुळया दाखवायला जागाच राहत नाही.

भिंती

दोन ब्लॉक जाड. यात तडजोड नाही. मातीच्या इमारतीत भिंती जाड असतात कारण दिवसाची उष्णता आत यायला कित्येक तास लागतात, तोवर रात्र होते. आणि दिसायलाही, एका ब्लॉकच्या भिंतीतली खिडकी म्हणजे नुसतं भोक, दोन ब्लॉकच्या भिंतीतली खिडकी म्हणजे कोनाडा, त्यात सावली बसते. आतला थर दिसणारच नसेल तिथं साधा सँडस्टोन भरा, पॅक्ड मड वाया घालवू नका.

भिंत सरळ वर नेऊ नका, पायथ्याला रुंद आणि वर अरुंद करा. येमेनमधल्या शिबामची मातीची घरं कित्येक मजली उंच आहेत आणि तिथं खालच्या भिंती जाड, वर जाईल तशा पातळ होत जातात, वजन पेलायला तेच लागतं. आपल्याला एवढं काही नको, फक्त पायथ्याशी बाहेरून मड ब्रिक स्टेअर्सचा एक थर उलटसुलट न करता भिंतीला पाठ लावून द्या, मध्येच तो तोडा, कुठं स्लॅब, कुठं पूर्ण ब्लॉक, कुठं काहीच नाही. कोपऱ्यांना टोक ठेवू नका. कोपऱ्याचा सगळ्यात वरचा ब्लॉक काढून तिथं स्टेअर किंवा स्लॅब, मातीची इमारत कोपऱ्यातून आधी गोल होते.

भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण ते लावतात सगळे पण नुसते शोभेला. मालीमधल्या जेने गावची मोठी मशीद, जिची आताची इमारत १९०७ ची आहे, तिच्या भिंतींतून ताडाच्या काठ्यांचे जुडगे बाहेर आलेले असतात आणि दरवर्षी गिलावा करताना लोक त्यांच्यावरच चढून काम करतात. म्हणजे ती कायमची परांची आहे. त्यामुळे तुमचे ओंडके पण माणूस एकावरून दुसऱ्यावर पाय टाकू शकेल अशा अंतरावर हवेत, तीन ब्लॉकवर एक, आणि दुसरी रांग दोन-तीन ब्लॉक वर, जरा सरकवून. छताच्या तुळया बाहेर डोकावत असतील तर मात्र त्या आतल्या तुळयांच्या रेषेतच आल्या पाहिजेत, आत वेगळ्या बाहेर वेगळ्या असं चालणार नाही. एखादा ओंडका तुटलेला दाखवा, म्हणजे तिथं फक्त भिंतीतच लॉगचं तोंड दिसतंय, बाहेर काही नाही.

खिडक्यांना काच नको. ट्रॅपडोअरच्या झडपा, एक उघडी एक बंद, किंवा फेन्सची जाळी. एक रुंद दोन उंच, आणि पूर्वेला फक्त एक बाय एकच्या, वरच्या बाजूला.

झीज, म्हणजे खरं काम

इथं घाई करू नका. आधी अख्खी भिंत नवीकोरी बांधून घ्या, पॅक्ड मडची, एकसारखी, आणि मग तिला म्हातारी करत जा. बांधता बांधता मिसळायला गेलात की हात आपोआप रँडम चालतो.

पहिला मार वाऱ्याचा. वाऱ्यानं उडणारी वाळू जमिनीलगत उड्या मारत जाते, फार उंच जात नाही, म्हणून भिंत खालून झिजते. पूर्वेच्या भिंतीला खालच्या दीड-दोन ब्लॉकमध्ये गिलावा जवळपास संपलेला, मड ब्रिक्स उघड्या, काही ठिकाणी बाहेरचा ब्लॉकच काढून आत खाच. खाचेच्या वरच्या कडेला उलटी स्टेअर लावली की वरचा भाग खाली वाकून आल्यासारखा दिसतो. नुसता रंग बदलून झीज दिसत नाही, खोली लागते, सावली पडली पाहिजे. वर मात्र गिलावा जवळजवळ शाबूत ठेवा.

गिलाव्याचे पडलेले ठिगळ कसे काढायचे त्याची माझी पद्धत अशी, एकेकटा ब्लॉक कधीच बदलायचा नाही, चार ते आठ ब्लॉक एकमेकांना चिकटलेले, वर अरुंद खाली पसरट, कारण गिलावा एकदा सुटला की खालचा पण ओढून नेतो. दोन ठिगळांमध्ये भरपूर जागा. आणि चेसबोर्डसारखं एक सोडून एक तर अजिबात नाही.

दुसरं पाणी. आता गेममधल्या वाळवंटात पाऊस पडतच नाही, त्यामुळे अख्ख्या भिंतीवर ओघळ दाखवण्यात अर्थ नाही, पाणी फक्त तिथं जिथं माणसं ओततात. स्वयंपाकघराच्या मोरीचं तोंड भिंतीतून बाहेर काढा, उलटी अकेशिया स्टेअर किंवा एक ट्रॅपडोअर पुरतं, आणि त्याच्या खाली उभा एक-दोन ब्लॉक रुंद पट्टा गडद करत आणा, वर रूटेड डर्ट, मग कोर्स डर्ट, आणि जमिनीला टेकतो तिथं खराखुरा मड. जनावरांच्या पाण्याच्या हौदाभोवती पण असंच, हौदालगत मड, त्याबाहेर कोर्स डर्ट, मग वाळू. मडवर चालताना पाय किंचित रुततो, ती गंमत फुकटात मिळते.

तिसरं धूर. चुलीच्या मागची भिंत आणि तिच्या वरचं छत ब्राउन आणि ग्रे टेराकोटा, चुलीपासून लांब जाईल तसं लाइट ग्रे, मग साधं. बाहेर स्वयंपाकघराच्या झरोक्याच्या फक्त वर दोन-तीन ब्लॉक. झरोक्याच्या खाली काजळी धरत नाही, हे कितीतरी जण विसरतात.

मग हात, खांदे आणि उंट. दाराच्या दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर एक-एक ब्लॉक गडद, स्ट्रिप्ड स्प्रूस किंवा ग्रॅनाइट. अंगणाच्या आतल्या कोपऱ्यावर, जिथं जनावरं वळतात, तिथं खालचे दोन ब्लॉक स्टेअर्सनी गोल करून टाका. दारासमोरच्या पायऱ्यांत मधली जागा झिजलेली हवी, म्हणजे कडेला स्टेअर्स आणि मध्ये स्लॅब.

आणि सगळ्यात शेवटी डागडुजी, जी बहुतेक कुणी करतच नाही. जुनी इमारत चालू आहे म्हणजे कुणीतरी ती सांभाळतंय. एखादा मोठा तुकडा, तीन बाय चार वगैरे, पांढऱ्या टेराकोटाचा करा, हा ताजा गिलावा, अजून रंग चढला नाहीये. एका जागी भगदाड होतं ते सँडस्टोननं बुजवलंय, चक्क चौकोनी, जरा बेढब. एक तुळई वाकली म्हणून खाली फेन्सचा टेकू दिलाय. हे असलं काही नसेल तर तुमची टॅव्हर्न पडीक खंडहर वाटेल, आणि खंडहरात गिऱ्हाईक येत नाही ना. मला तर वाटतं झिजेपेक्षा डागडुजीच जास्त जिवंत दिसते, वेळ कमी असेल तर एक वेळ ठिगळं कमी काढा पण हे सोडू नका.

छप्पर आणि गच्ची

सपाटच. पाऊस नाही तर उतरतं छप्पर कशाला. तुळयांवर स्लॅब, त्यावर पॅक्ड मड, कडेनं एक ब्लॉकचा कठडा आणि तो सलग नको, मध्ये मध्ये स्लॅबनं ढासळलेला. बाहेरून गच्चीवर जायला जिना द्या. गच्चीच्या एका कोपऱ्यात स्कॅफोल्डिंगचं मांडव करा, बांबू आणि दोऱ्यापासून होतं आणि विणलेल्या चटईसारखंच टेक्श्चर आहे त्याचं, वर दोन-चार फिकट रंगांची कार्पेट टाका. लाल-निळा भडक रंग नको, ऊन खाऊन विटलेला रंग हवा, म्हणजे पांढरा, लाइट ग्रे, पिवळा.

जागा असेल तर बादगीर पण उभारा. इराणातल्या यझ्द शहरात घरांवर असे उंच बुरूज असतात, वरच्या फटींतून वारा पकडून खाली खोलीत सोडतात. तीन बाय तीनचा बुरूज, गच्चीपासून पाच-सहा ब्लॉक वर, आणि वरच्या तीन ब्लॉकमध्ये मड ब्रिक वॉलच्या उभ्या पट्ट्या सोडून मधल्या जागा रिकाम्या. लांबून टॅव्हर्न ओळखायची खूण पण होते ती.

धुराड्यासाठी कॅम्पफायर तोंडाजवळच ठेवा आणि खाली हे बेल, मग धूर २४ ब्लॉकपर्यंत वर जातो, नाहीतर १० वरच विरतो. हे बेल पेटेल म्हणून घाबरू नका, कॅम्पफायर आग पसरवत नाही.

आतलं

फरशी पॅक्ड मडचीच, पण दारापासून काउंटरपर्यंत जी वाट पडते ती वेगळी दाखवा, कोर्स डर्ट आणि ग्रॅनाइट. टेबलांखाली कार्पेट, विटलेली. बसायला स्टेअर्सच्या नेहमीच्या खुर्च्या नका लावू बाबा, सगळ्या बिल्डमध्ये त्याच असतात. भिंतीलगत मड ब्रिक स्लॅबचा लांबच लांब ओटा काढा, मातीच्या घरात बसायला ओटाच असतो, आणि समोर बुटकी टेबलं म्हणून ट्रॅपडोअर किंवा स्लॅब.

काउंटर हाच काय तो लाकडाचा थाट. स्ट्रिप्ड स्प्रूस आडवे, वर ट्रॅपडोअर झाकून. मागे पिंपांसाठी बॅरल आडवे रचा, तोंड पुढं, आणि तोंडावर ट्रिपवायर हुक लावला की तोटी झाली. ब्रूइंग स्टँड एक-दोन ठेवा. शेल्फवर डेकोरेटेड पॉट, आणि इथं थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल तर डेझर्ट वेलच्या तळाशी सस्पिशस सँड ब्रशनं झाडून बघा, तिथं ब्रूअर शर्ड (मडक्याचा नक्षीदार तुकडा) मिळू शकतं, त्यावर बाटलीचं चित्र आहे, टॅव्हर्नला याहून चांगली पाटी काय पाहिजे. पॉट मात्र तलवार-कुऱ्हाड मारून फोडू नका, तुकडे होतात.

कॉपर थोडासाच, पण हवा. एक्सपोज्ड म्हणजे तपकिरी पडायला लागलेल्या टप्प्याचा ट्रॅपडोअर चुलीवरच्या झाकणासाठी, आणि एकच पूर्ण हिरवा पडलेला तुकडा, हौदाची कड वगैरे. एवढ्या तपकिरीत हिरवं एकाच जागी असलं की खुलतं. हवा तो टप्पा आला की लगेच हनीकोंब घासून वॅक्स करा, विसरलात तर काही दिवसांनी सगळंच हिरवं झालेलं असेल. जास्त हिरवं झालं तर कुऱ्हाडीनं एकेक टप्पा खरवडून मागे आणता येतं, त्यामुळे टेन्शन नको.

उजेड कमीच ठेवा. १.१८ पासून मॉब (झोंबीसारखे शत्रू) फक्त ब्लॉक लाइट, म्हणजे टॉर्च-लँटर्नचा उजेड, शून्य असेल तिथंच येतात, म्हणून दर चार ब्लॉकला टॉर्च ठोकायची सवय सोडून द्या. काउंटरवर एक-दोन लँटर्न तुळईला साखळीनं टांगलेले, टेबलांवर मेणबत्त्या, कोपरे अंधारे. एखादा कोपरा शून्यावर जात असेल तर कार्पेटच्या खाली शरूमलाइट (उजेड देणारा ब्लॉक) पुरा, दिसत नाही आणि काम करतो. गच्ची विसरू नका, तिथं रात्री हमखास काहीतरी उभं असतं.

बाहेर

पूर्वेला वाळूचा ढीग, भिंतीला टेकलेला, सर्वात उंच भिंतीपाशी आणि पुढं उतरत गेलेला. वाळूचे स्लॅब येत नाहीत म्हणून उतारासाठी स्मूद सँडस्टोनचे स्लॅब वापरा, रंग इतका जुळतो की जवळ गेल्याशिवाय कळत नाही. ढीग एका खिडकीच्या अर्ध्यापर्यंत येऊ द्या. पश्चिमेला उलट, जमीन दबलेली, उंटांच्या वाटा, कोर्स डर्ट.

झाडझाडोरा कमी. डेड बुश, आणि १.२१.५ वर असाल तर ड्राय ग्रास, तेही भिंतीच्या आडोशाला, मोरीच्या ओलीजवळ जरा दाट. निवडुंग भिंतीला चिकटून लावायला गेलात तर तुटून पडतो, शेजारी ब्लॉक चालत नाही त्याला, म्हणून कुंडीत लावा.

उंट १.२० मध्ये आले, वाळवंटातल्या गावात मिळतात, दोन जण बसतात एकावर. अंगणात दोन पुरेत, पाच आणले तर चालायला जागा राहत नाही. लीड फेन्सच्या खुंट्यांना बांधा आणि खुंट्या हौदापासून दोन ब्लॉक लांब ठेवा, नाहीतर उंट हौदासमोरच बसकण मारतात आणि दारात गर्दी करतात.

सगळं झालं की पन्नासेक ब्लॉक लांब जा, दुपारी एकदा आणि सूर्य मावळतीला असताना एकदा, शेडर (उजेड-सावली सजवणारं ॲड-ऑन) बंद करून बघा. शेडरमध्ये काहीही छान दिसतं. जे ठिगळ लांबूनही ठिपक्यासारखं टोचतंय ते सरळ पॅक्ड मडनं बुजवून टाका. माझ्या अंदाजानं पहिल्या फेरीत टाकलेल्यातलं एक तृतीयांश तरी निघतं, आणि ते निघाल्यावर जे पॅक्ड मड उरेल ते इन्व्हेंटरीतच राहू द्या, पुढच्या आठवड्यात अंगणाला अजून एक खोली काढायची हुक्की येतेच.